लेबलखालचा हिरवा

१८ जानेवारी. सकाळी आठपासून मी वालीवच्या आमच्या युनिटमध्ये हिरव्या कापडाचे तागे उलगडत होते. मी इथे क्वालिटी बघते. माल जर्मनीला जायचा होता, टेबलक्लॉथसाठी. आदल्या दिवशी बायर, म्हणजे माल घेणारा जर्मन, स्वतः आला, खिशातलं सॅम्पल ताग्यावर ठेवलं आणि अख्खा लॉट रिजेक्ट केला. रंग गडद आहे म्हणाला.

शेठनी त्याच संध्याकाळी डाईंग मास्टर इनासकाकांना घरी बसवलं. काका आगाशीचे, बावीस वर्षं इथे रंग लावताहेत. जाताना एवढंच म्हणाले, “बाई, पानी तेच, पावडर तीच.”

चूक मास्टरची, असं पत्र मी लिहून द्यावं ही शेठची इच्छा. मी नाही म्हटलं.

“मॅडम,” शेठ म्हणाले, “बायर नुसता कारखानदार नाही. त्याच्या गावचा नगरसेवक पण आहे. जपून.”

“नगरसेवकाला हिरवा कळतोच असं नाही, शेठ.”

रंग मंजूर झाला की सॅम्पलचे दोन तुकडे करतात. एक बायरकडे, एक आमच्याकडे, काळ्या पाकिटात बंद. आमचा तुकडा मी लाइट बॉक्समध्ये ताग्याशेजारी धरला. लाइट बॉक्स म्हणजे ठरावीक दिव्यांचं खोकं, रंग जुळवायला. दोन्ही तंतोतंत सारखे. म्हणजे बदलला होता तो त्याचा तुकडा.

अकराला बायर पुन्हा आला. पाकीट दाखवलं तर म्हणाला, तुमचा तुकडा तुम्ही बदललाही असेल. शेठ मला डोळ्यांनी गप्प राहा सांगत होते. मी गप्प राहिले नाही. तुमचा तुकडा इतके दिवस होता कुठे, विचारलं.

त्याने कौतुकाने सांगितलं. नगरपालिकेतल्या त्याच्या खोलीत, खिडकीच्या काचेवर. गावाच्या सभागृहासाठी कसलं कापड येतंय ते तक्रारी घेऊन येणाऱ्या लोकांना दिसावं म्हणून. अख्खा उन्हाळाभर.

त्या तुकड्यावर त्याच्याच सहीचं कागदी लेबल स्टेपल केलेलं होतं. मी त्याच्यासमोर पिना काढल्या. लेबलखाली काडेपेटीएवढा चौकोन निघाला, गडद हिरवा, आमच्या ताग्यासारखाच.

त्याने त्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, रंग उडतो म्हणजे कच्चाच की.

“तुम्ही टेबलक्लॉथ मागवलेत,” मी म्हटलं. “पडदे मागवा, उन्हात टिकणारा पडद्याचा रंग देऊ.”

तो हसला नाही, पण सही केली. लॉट पास झाला.

आपला तुकडा अंधारात ठेवावा आणि समोरच्याचा उलटून बघावा, एवढंच या धंद्यात मी शिकले.

बायर गेल्यावर शेठ म्हणाले, इनासला फोन करून बोलवून घ्या. मी म्हटलं, सगळ्यांदेखत घरी तुम्ही पाठवलंत, आणायला तुम्हीच चला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी शेठच्या गाडीत पुढे बसले आणि आगाशीचा रस्ता दाखवला.