तिने लावलेली लग्ने

अकोटाजवळच्या आमच्या गावचे जोशीपण वंशपरंपरेने आमच्या घरी होते. मुहूर्त काढावा, कुणब्यांच्या घरची लग्ने लावावीत, सुगीला ते घालतील ते धान्य घ्यावे, एवढाच आमचा व्यवहार. परंतु विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला आणि मीही अमरावतीच्या बाजारात दलाली करू लागलो. घरी पत्नी राहिली. तीही जोशाचीच मुलगी. पंचांग पाहणे वडिलांजवळ बसून शिकलेली.

अमरावतीत कापसाच्या गाड्या रिकाम्या होईपर्यंत आमचे वाद चालत. एका दुपारी विषय निघाला, स्त्रियांना धर्माचा अधिकार द्यावा काय? पाद्र्याकडे कारकुनी केलेला एक गृहस्थ म्हणाला, मडमा बायकांना शास्त्र शिकवतात, पण उपदेशाला साहेबच उभा राहतो. एका मुसलमान दलालाने सांगितले, "आमच्या घरी मुलींना कुराण उस्तानीबाईच शिकवते. नमाजाची इमामत मात्र मर्दाची."

रिद्धपूरकडचा शेतकरी हसला. "आमच्या पंथात बाया संन्यास घेतात, निरूपण करतात, आमी पाया पडतो. तुमचं कुठं अडते?"

"उंबरठ्यापर्यंत हरकत नाही," असे मी म्हणालो. सर्वांनी माना डोलावल्या आणि मला माझ्या समतोल बुद्धीचे कौतुक वाटले.

भाव कोसळल्यावर मी परतलो. शिवेवरच एका शेतकऱ्याने हाक मारली.

"महाराज, पोराचं लगन लागलं. जोशीनबाईनं लावलं."

"कोणी?"

"तुमच्याच घरच्यांनी. तुमी त अमरावतीले कापूस तोलून राहिले होते. मुहूर्त थांबते का?"

मी घरी विचारले, तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, "वऱ्हाड दारात उभं होतं. पहिल्या लग्नाला इकडची वाट पाहिली. पुढं नाही पाहिली."

बाईने लग्ने लावल्याचे कानी जाऊन लवकरच अकोल्याहून एक शास्त्रीबुवा दोन भिक्षुकांसह आले. आमच्या ओसरीवर बैठक भरली. अंगणात गाव जमले. शास्त्रीबुवा सज्जन होते. त्यांनी वाट काढून आणली होती.

"मंत्र वेदोक्त नव्हते, पुराणोक्तच होते. शिवाय पत्नी पतीचे अर्धांग. आपल्या आज्ञेवरून त्यांनी हे केले एवढे म्हणा, म्हणजे ती लग्ने आपणच लावली असे होईल. आता आपण आलाच आहात. पुढचे आपण पाहाल. आज्ञा नव्हती म्हणाल, तर मात्र लग्ने पुन्हा लावावी लागतील."

अंगणातून तो शिवेवरचा शेतकरी ओरडला, "बुवा, माही सून पोटुशी हाय! आता पुन्हा अंतरपाट धरू, त लेकरू कोणाकडून अक्षता टाकीन?"

हशा पिकला. शास्त्रीबुवांनाही हसू आवरले नाही.

मला त्यांची तोड पसंत पडली. एका शब्दात गावाची लग्ने वाचत होती आणि पत्नीही दोषातून सुटत होती. तिने जे केले होते, ते तिचे उरणार नव्हते. एवढे मात्र माझ्या ध्यानी आले नाही. मी बोलण्यासाठी घसा साफ केला. तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"इकडून आज्ञा झाली नव्हती."

ती दारात येऊन उभी राहिली. "मी विचारलंही नव्हतं. मुहूर्त मी काढले, लग्नं मी लावली. चुकलं असेल तर मुहूर्तात चूक दाखवा."

शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले. "आपले काय म्हणणे?"

"ती सांगते ते खरे आहे," मी म्हणालो.

याला काहींनी माझे धैर्य म्हटले. ते धैर्य नव्हते. ओठांवर आलेले असत्य तिने बोलू दिले नाही, इतकेच. भिक्षुकांनी आम्हांला पंक्तीतून वगळले. गावात मात्र एकही लग्न पुन्हा लागले नाही.

पुढच्या लग्नसराईत तोच शेतकरी मुलीसाठी मुहूर्त काढून घ्यायला आला. मी ओसरीवर सतरंजीवर बसलो होतो. पत्नी अंगणात डाळ वाळत घालत होती. त्याने रामराम केला आणि अवघडून विचारले, "कोण पाहीन? तुमी, का जोशीनबाई?"

तिने मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला.

मी उठून बाजूला झालो. त्या उठण्यात आदर किती आणि लाज किती, हे मी अजून स्वतःला विचारतो. हात धुऊन ती सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "मुलीची रास कोणती?"