बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा ताप

मंगळवारी संध्याकाळी सुमन आणि मी अंगणात उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात बसलो होतो. किडकी निघाली की ती माझ्याकडे सरकवायची. "तुमाले अंधारात दिसत नाही, चालते." त्याच रात्री झोपेत गेली. माझी बायको म्हणून सांगत नाही, बाई जबर होती.

जिनिंगमध्ये ती कापसातला कचरा वेचायची. बाजाराच्या दिवशी सुट्टी. दुसऱ्या दिवशी कामावर गेली की संध्याकाळी थंडी वाजून ताप, छाती आवळलेली. उतरायचा, अन् पुढच्या आठवड्यात पुन्हा. सगळ्याच बायांचं तेच. कोणी मलेरिया म्हणे, कोणी नजर.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. ओलसर कापसावर जंतू वाढतात. ते मरतात, पण त्यांच्या अंगावरच्या सालीत विष असतं, ते धुळीत राहतं. धूळ छातीत गेली की शरीराची राखण करणाऱ्या पेशी हल्ला झाला समजून पेटतात. "मेलेल्याला औषधाने काय मारू?" बाई म्हणाल्या. "धूळ अडवा."

सुमनने ते बायांना आपल्या भाषेत सांगितलं. "चोर मेला, पण त्याचा सदरा हुंगून आपलेच कुत्रे भुकतात. रोज हुंगला तं गप बसतात, एक दिवस आड गेला का पुन्हा भुकतात. अन् गप बसले म्हणजे छाती चांगली राह्यली असं नाही, बायांनो!"

तिने धूळ ओढणारा पंखा मागितला. शेठ हसला. "ताप घरून आणता, अन् नाव माझ्या जिनिंगचं?"

"मंग उद्या आमच्यासंग बसा, शेठ. दिवसभर, ढिगाजवळ. हापिसात नाही."

सगळ्यांसमोर बोलली, माणूस अडकला. बसला. संध्याकाळी ब्लँकेटात कुडकुडत होता. सुमन मुद्दाम पाहायला गेली. "भुकले का कुत्रे, शेठ?"

पंखा बसला. तिचा ताप गेला तो गेलाच.

तिला अग्नी दिला त्या दिवशी जिनिंग बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यात एकच. काल सुट्टी झाली, म्हणजे आज तापाचा दिवस. पंखा नाही लावला तर? निघालो. धाकटा भाऊ ओरडला, "सुतकात कुठी चालला, दादा?"

"तापाले सुतक नसते," म्हटलं.

फाटकाबाहेर बाया उभ्या होत्या. नवा मुकादम म्हणत होता, "काल सारं बंद होतं, आज धूळ कुठची? चाला आत."

एकही हलली नाही. "आधी पंखा लाव. सुमनबाई गेली, आमची छाती नाही गेली."

पंखा घरघरला. मी भांडायला आलो होतो, माझं कामच उरलं नव्हतं. तिथूनच राख सावडायला गेलो.