गोधडीच्या टाक्यांवर उडालेलं विमान

नव्या जालन्यात माझ्या नातवाच्या बैठकीत दोन मजली पंखांच्या एका जुन्या विमानाचं चित्र टांगलंय. उदबत्ती तेवढी लावायची राहिलीय. पाहुणा आला की नातू त्याला चित्रापुढं उभा करतो आणि उसासा टाकतो, "काय ते दिवस होते! काय ती छातीची माणसं!" मी कोपऱ्यात लसूण सोलत ऐकते. ते विमान म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, तारा आणि वरून ताणलेलं कापड, हे मला कुणी सांगायला नको. तसल्याच एका विमानाचं वीतभर कापड मी शिवलेलं आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. केदारखेड्याला सून होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि मांडीवर चार महिन्यांची लेक होती. आमचे हे भोकरदनला उर्दू शाळेत शिकलेले, घरची शेती सोडून बाकी सगळ्यातले जाणकार. अखबारात विमानाचं चित्र आलं की ते कापून देवघराच्या भिंतीला खळीनं चिकटवायचे. खरं विमान कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याविषयी त्यांना एकही शंका नव्हती.

ज्वारी निघाल्यावर एका दुपारी असलं एक विमान आमच्याच रानात उतरलं. हैदराबादचा एक तरुण वैमानिक खाली रेल्वेचे रूळ बघत बघत चालला होता. धुळीत रूळ दिसेनासे झाले, पेट्रोल संपत आलं आणि हा खाली आला. नातू याला साहस म्हणतो. आमच्याकडे याला वाट चुकणं म्हणतात.

हे लगेच गाडी जुंपून जालन्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेट्रोलचे डबे घेऊन आले. वैमानिक इतका खूश झाला, की म्हणाला, निघण्याआधी तुम्हाला गावावरून एक फेरी मारून आणतो. मग काय विचारता! ह्यांनी गावभर सांगितलं, दाढी करून घेतली, लग्नातला कोट काढला. लेक अजून कूसही बदलत नव्हती आणि तिचा बाप वाऱ्यावर जायला निघाला होता. मला राग आला होता, पण भीती त्याहून जास्त होती.

सकाळी गावानं धसकटं उपटून पट्टा साफ केला. वाहन कुठलंही असो, पूजा झाल्याशिवाय ते हलू द्यायची आमच्या मामंजींची तयारी नव्हती. हळदकुंकू वाहून झालं. नारळ चाकापुढं फोडायचा, पण चाक पंखाखाली. आत शिरायचं तर वाकायला हवं, आणि त्या धुडापुढं वाकणं मामंजींना कमीपणाचं वाटलं असावं. पंख चांगला रंगवलेला, फळीसारखा टणक दिसत होता. त्यांनी हात उंचावला आणि नारळ पंखावर आपटला. नारळ फुटला नाही. पंखातून आरपार जाऊन खाली धसकटात पडला.

"अजी, ये क्या करे! कपडा है वो, कपडा!" वैमानिक डोकं धरून खाली बसला.

त्याच्याकडे सुई, मेण लावलेला दोरा, ठिगळाचं कापड आणि उग्र वासाच्या रोगणाचा डबा होता. शिवणारा हात मात्र हैदराबादला राहिला होता. गावच्या शिंप्याला बोलावलं. त्यानं पंखाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "मशीनखाली सरकल का हे?" नाही म्हटल्यावर तो घरी गेला.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सुनंचा गोधडीचा टाका लई बारीक हाय. सुटत न्हाई कधी."

परक्या पुरुषासमोर मी डोक्यावरचा पदर सावरत पंखापाशी बसले. शेजारी पहाऱ्याला सासूबाई. वैमानिकानं बोटाच्या पेरात चार टाके सांगितले, मी सात घातले. प्रत्येक टाका ओढताना मनात एकच होतं, माझं माणूस यावर बसणार आहे. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली, बोटं सोलली, तरी एक टाका सैल वाटला म्हणून अर्धी ओळ उसवून पुन्हा घातली. वर ठिगळ बसलं, रोगण वाळलं. वैमानिकानं नखानं दाबून बघितलं आणि म्हणाला, "बराबर है."

हे कोट घालून आले. पंखाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, "मी तयारच हाय. पन बायकांच्या गोधडीच्या टाक्यावर जीव कोन टाकंल?"

लोक हसले. मला ते हसणं सकाळच्या उन्हापेक्षा जास्त लागलं. हे घाबरले होते, ते मला समजत होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, मीही घाबरलेच होते. पण ती भीती त्यांनी माझ्या टाक्यांवर ढकलली. मी लेक सासूबाईंच्या मांडीवर दिली आणि म्हटलं, "मंग मी बसते."

कुणी अडवायच्या आत वैमानिकानं मला पुढच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलं. वर काय दिसलं ते मला विचारू नका. पूर्णेचं पात्र एकदा तिरकं झालेलं दिसलं, तेवढंच. बाकी सारा वेळ मी माझ्या ठिगळाकडे बघत होते. वारा ते उपटायला टपला होता, तारा कण्हत होत्या, आणि मी मनातल्या मनात लेकीची माफी मागत होते.

खाली आल्यावर आधी लेकीला घेतलं, मग ठिगळाच्या कडेवरून हात फिरवला. एकही टाका सुटला नव्हता.

पुढं चाळीस वर्षं हे परक्या गावात आणि नातवंडांपुढं त्या फेरीची गोष्ट आपली म्हणून सांगायचे. वळताना पोटात खड्डा पडतो, डोळ्यांतून पाणी येतं, पूर्णा तिरकी होते. सगळं मीच सांगितलेलं. नातवाचं ते चित्र त्या गोष्टीतूनच भिंतीवर आलं. मी कधी खोडलं नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

थंडीच्या दिवसांत ती गोष्ट सांगून झाली, की हे माझ्या हातची गोधडी डोक्यापर्यंत ओढून घ्यायचे आणि लगेच घोरायला लागायचे. तिलाही तोच टाका होता.