खळीची पट्टी

धोटा उडाला तेव्हा मी ओट्यावर बसून चहा पीत होतो. मागांचा खडखडाट जन्मभर कानात असला की माणूस आवाज ऐकत नाही, त्यातला फरक ऐकतो. एक ठोका चुकला, लाकूड आपटल्यासारखं झालं आणि एक माग गप्प झाला. मी बशी खाली ठेवली तोवर मुलगा शेडच्या दारात आला.

"बाबा, धोटा उडाला. मांजरीला लागला."

ज्यांनी पावरलूम पाहिला नाही त्यांना सांगतो. धोटा म्हणजे पोटात सूत घेऊन मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पळणारी लाकडी होडी. दोन्ही तोंडांना लोखंडाची अणी. सरळ पळतो तोवर गरीब गाय, वाट सोडली की गोळी. माझ्या भुवईवर खूण आहे ती त्याचीच. पण ते राहू द्या.

मांजर शेडमध्ये सुताच्या पोत्यावर झोपायची. ती तिची ड्यूटी होती. साइजिंगच्या कारखान्यातून येणाऱ्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताला खळ पाजलेली असते. खळ म्हणजे पिठाची शिजवलेली लापशीच म्हणा. तिनं धागा कडक होतो, मागावर तुटत नाही. पण उंदराला ते आयतं जेवण. एक उंदीर बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावर, बसला तर इतके धागे कुरतडतो की जोडणाऱ्याची बोटं बधिर होतात. म्हणून बऱ्हाणपुरात मागवाल्याच्या घरी मांजर हौसेची नसते. आमच्या मांजरीला तर नावसुद्धा नव्हतं. बायको जिभेनं टचटच करायची आणि ती यायची. माझ्याकडे ती येत नव्हती, मीही बोलवत नव्हतो. दोघं आपापल्या कामात.

ती रिकाम्या बीमच्या मागं घुसून बसली होती. मुलगा म्हणाला, "चावेल, हात घालू नका." मी घातला. चावली. पण बाहेर काढली. रक्त नव्हतं, पुढचा उजवा पाय मात्र ओल्या चिंधीसारखा लोंबत होता. पंजा उलटा मुडपलेला, त्याच्या पाठीवर भार देऊन चालायला बघत होती.

जनावरांचा डॉक्टर तरुण होता, पण हात सावकाश. त्यानं पाय चाचपला, बोटं चिमटीत धरून दाबली. मांजर माझ्याकडे बघत राहिली, पायाकडे नाही.

"काका, हाड शाबूत आहे. खांद्याजवळची नस दुखावली. पायाला सध्या खबरच नाही की तो पाय आहे."

"खबर कधी येईल?"

"येईल किंवा नाही येणार. पंजा सरळ बांधून ठेवतो. तो जमिनीवर घासला तर जखम होईल, जखम सडेल, आणि मग पाय कापावा लागेल. पट्टी निघाली तर इकडेच आणा, घरी काही करू नका."

मी मान हलवली. तीन पायांची मांजर मी तापीवरच्या राजघाटावर पाहिलेली आहे. जगते, खाते, पण पायरीवर बसून उंदीर जाताना नुसती बघते. मला आमची मांजर तशी झालेली नको होती. बायको म्हणाली, "घरात बसून राहील, मी सांभाळीन." मी म्हटलं, "कामाची मांजर आहे. पाय राहिला पाहिजे." टोपलीत माझा जुना सदरा मात्र तिनंच अंथरला.

डॉक्टरची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीबाहेर पडलेली होती. मांजरीनं दातानं सोडवून बाजूला ठेवली होती, घडी घालून ठेवावी तशी. आता लगेच दवाखान्यात जाऊन "निघाली" म्हणून सांगायचं मला जमणार नव्हतं. ज्या माणसानं उभा जन्म कापडात काढला त्याला एक पट्टी बांधता येऊ नये काय?

मी मैद्याची खळ शिजवली. कोऱ्या मांजरपाटाच्या पट्ट्या फाडल्या, खळीत बुडवल्या, पायावर एकावर एक तिरप्या गुंडाळल्या आणि मांजरीला मांडीवर घेऊन उन्हात बसलो. वाळल्यावर पट्टी पुठ्ठ्यासारखी झाली. बोट मारलं की टकटक वाजायची.

बायको दारातून बघत होती. "माझ्या गुडघ्याला कधी एवढं केलं नाही तुम्ही."

"तू कुठं मांडीवर गप्प बसतेस?"

"एकदा बसवून तर बघायचं होतं."

मांजरीनं पट्टी हुंगली आणि चाटायला लागली. चाटतच राहिली. गोड लागत असणार. मग मी कडुलिंबाचा पाला वाटून वरून फासला. तिनं एक जीभ लावली, तोंड वाकडं केलं, माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आलं. त्यानंतर पट्टी तशीच राहिली. मी सगळ्यांना टकटक वाजवून दाखवली.

माग आता मुलगा चालवतो. मला काम नव्हतं, टोपली शेडच्या दाराशी ठेवून मी जवळ बसायला लागलो. आणि बसल्यावर मला एकेक गोष्ट दिसायला लागली, जी इतकी वर्षं शेजारी असून दिसली नव्हती. मांजर पाणी पिते तेव्हा जीभ पुढं नाही, मागं वळवते, खालच्या बाजूनं. तिचे दोन कान दोन वेगळ्या माणसांचे असल्यासारखे फिरतात, एक माझ्याकडे, एक सुनेकडे. दुखत असलं तरी घुरघुरते. मी आधी समजायचो सुखात आहे. मग पाहिलं, खांद्याला हात लागला की जास्त घुरघुरते. म्हणजे ती स्वतःलाच थोपटत असेल काय? कुणाला विचारावं, कळेना.

सगळ्यात नवल हे, की मातीत घाण केली की ती पुरायला आजारी पायच उचलायची. खांदा हलायचा, पाय हवेत. माती जागेवरच. तरी ती वळून, समाधानानं निघून जायची. तिच्या लेखी काम झालेलं असायचं. मी मागून जाऊन माती लोटायचो आणि विचार करायचो, पायाला खबर नाही, पण खांद्याला पाय आहे हे ठाऊक आहे. मग मधे तुटलंय कुठं? ताण्यात धागा तुटला तर मी डोळे मिटून बोटानं जागा सांगतो. इथं बोट फिरवून काही कळत नव्हतं.

आणि एक. चारी माग धडाडत असले की ती गाढ झोपायची. लाईट गेली, माग थांबले, की टक्क जागी. मीही तसाच. दुपारी डुलकी लागलेली असली तरी शांततेनं उठतो.

अशात एक दिवस सून ओरडली. ती नेपानगरची, घाईत असली की अर्धं हिंदी बोलते. "बाबूजी, जल्दी या! उंदीर मांजरीला खातोय!"

मी उठेपर्यंत उंदीर पळाला होता. पण पट्टीची खालची कड झालरीसारखी कुरतडलेली होती, आणि मांजर तिथंच झोपलेली. कडुलिंब कडेपर्यंत पोचला नव्हता. खळीच्या वासानं उंदीर येतात हे मला लहानपणापासून माहीत. त्यासाठीच तर मांजर पाळली. आणि मी तीच खळ मांजरीच्या पायाला फासून ठेवली होती.

मुलगा हसून हसून मागाला टेकला. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं. एक शेजारी मुद्दाम ओट्यापाशी थांबला, म्हणाला, "काका, तुमच्याकडे म्हणे उंदरांनी मांजर पाळलीय?"

"तुला पाहिजे तर पट्टी तुलाही बांधतो," मी म्हटलं.

हसण्याचं मला काही नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. उंदीर पंजापाशी दात चालवत होता आणि तिला कळलं नाही. म्हणजे पाय अजून मेलेलाच.

दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पट्टी कापली, तशी आतून आंबूस वास आला. काखेतली कातडी ओलसर, लाल झाली होती.

"काका, हे काय आहे?"

"खळ."

"कपड्याला ठीक आहे. हिची कातडी श्वास घेते." त्यानं जखम पुसली, मलम लावलं, बोटं दाबली. एक बोट हललं की नाही, आम्हा दोघांनाही नक्की सांगता येईना. "आता फक्त पंजाला मऊ पट्टी. बोटं उघडी. तिला पाय वापरावासा वाटेल असं काहीतरी करा, खेळवा. पुढच्या आठवड्यात बघू. नाही तर कापू."

मी सुताचा गुंडा दाखवला, मोराचं पीस फिरवलं. ती डाव्या पायानं एक टपली मारायची आणि तोंड फिरवायची, म्हाताऱ्याला खेळवतेय अशी. उजवा अंगाखाली. बायको म्हणाली, "आता हट्ट सोडा. पाय गेला तर गेला, जीव तर आहे." मी पीस पुन्हा फिरवलं.

डॉक्टरनं कापून काढलेल्या खळीच्या पट्ट्या मी फेकल्या नव्हत्या, घरी आणल्या होत्या. कापड फेकायची सवय नाही. त्या टोपलीशेजारी पाटीत पडल्या होत्या. दुपारी लाईट गेली. माग थांबले. मी जागा झालो, तीही झाली. आणि त्या शांततेत पाटीतून करकर आवाज यायला लागला.

मी हललो नाही. मांजरीचे दोन्ही कान एकाच वेळी एकाच दिशेला वळले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. उंदीर चिंधीचं टोक धरून मागं मागं ओढत पाटीबाहेर आला, पाठ तिच्याकडे. ती टोपलीच्या कडेवर चढली. डावा पाय कडेला रोवलेला होता, तो सोडला तर पडली असती. म्हणून उजवा आला. खांद्यातून निघाला, सरळ झाला आणि मऊ पट्टीसकट उंदराच्या पाठीवर पडला. बोटं पसरली, नखं बाहेर. मी मोजलीसुद्धा नाहीत, पण दिसली.

उंदीर निसटला. त्या पायात जोर कुठला. ती धपकन खाली आली आणि उभी राहिली, पंजा सपाट, तळवा जमिनीला.

"अहो, काय झालं?" आतून बायको.

"उंदीर सुटला!"

"मग एवढं आनंदानं काय ओरडताय?"

दुसऱ्या दिवशी मी वाटीभर खळ शिजवली आणि चिमूटभर टोपलीसमोर जमिनीवर लावली. मुलगा धोट्यात सुताची नवी कांडी भरत होता, तो थांबला.

"बाबा, आता उंदरांना जेवायला घालणार?"

"तू माग बघ."

मी ओट्यावर बसलो. मांजर टोपलीत पुढचे दोन्ही पाय पोटाखाली घेऊन बसली. दोघंही लाईट जायची वाट बघत होतो.