वेंडेलिन पाळण्यात बसला

वेंडेलिन प्लाट्झर रोपवेच्या खालच्या स्टेशनवर कामाला होता. फलाटावरचा बर्फ फावड्यानं ओढायचा, स्कीवाल्यांना काचबंद पाळण्यात बसवायचं, दार लावून काचेवर थाप मारायची. मी शेजारीच, चाकांना ग्रीस लावायला. उभं आयुष्य एकत्र राबलो, पण त्याला स्वतःला पाळण्यात बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

वर डोंगरावर त्याची बहीण क्रेसेन्झ हिवाळाभर खानावळ चालवते. तिला चूल सोडून हलता येत नाही. मंगळवारी याची सुट्टी. मागं घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्टे बांधून हा चढत जायचा, तिच्याकडे जेवायचा आणि घसरत खाली यायचा. पाळणे डोक्यावरून चाललेले असायचे.

"घाबरतो लेकाचा," यंत्रघरातला कोर्बिनियान म्हणायचा.

मला ते पटत नव्हतं. हाच माणूस वादळात खांबावर चढून तारेच्या कप्प्यांवरचा बर्फ ठोकून काढायचा. मग बसत का नाही? विचारलं की फावडं उचलून निघून जायचा.

यंदा त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चढण बंद केली, तसे मंगळवार घरात जाऊ लागले. क्रेसेन्झ स्टेशनवर फोन करायची. "त्याला म्हणावं, भावाचं तोंड विसरायला लागलेय मी."

मग त्याचा कामाचा शेवटचा दिवस आला. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला फांद्यांनी सजवलेल्या पाळण्यात बसवून वर पाठवतात. घळीवर पाळणा थांबवायचा, आतल्यानं जोरात आरोळी ठोकली की सोडायचा. पर्यटक गेले होते. पाळणा दार उघडून उभा, आणि वेंडेलिन बाहेर उभा.

"माझ्यानं नाही व्हायचं."

"अरे, पण का?" मी विचारलं.

"आत करायचं काय?"

"काही नाही. बसायचं."

"तेच तर! हात कुठं ठेवायचे?"

मी खिशातलं फडकं काढून त्याच्या हातात दिलं.

"काचा बघ आतून."

तो वाकला. "कुणी पुसल्यात या?"

"मी."

"दिसतंय." आणि चढला.

घळीवर कोर्बिनियाननं पाळणा थांबवला. आम्ही कान देऊन उभे. आरोळी नाही. पुन्हा वाट पाहिली. नाहीच.

"गचकला की काय रे?" कोर्बिनियानचा चेहरा उतरला.

मी दुर्बीण लावली. वेंडेलिन गुडघा सांभाळत बाकावर उभा राहून वरचा कोपरा घासत होता. त्याला थांबल्याचं कळलंही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. क्रेसेन्झ. "मेल्यांनो, सोडा त्याला! सूप कधीचं वाढून ठेवलंय."

आरोळीविना पाळणा सुटला, तो पहिलाच.

आता दर मंगळवारी तो येतो. खिशात स्वतःचं फडकं असतं. मी समोरच्या पाळण्याचं दार उघडतो, तर तो आत डोकावून मागं सरतो.

"हा नको, स्वच्छ आहे. मळका दे."