मावसांचे नेचर पार्क

सुरतेत राहूनही तिथले नेचर पार्क न पाहिलेली माणसे पुष्कळ असतील. पण आमच्या मावसांच्या घरी चहा प्यायलेला आणि नेचर पार्क न पाहिलेला माणूस उभ्या खान्देशात सापडणार नाही. नव्वदच्या दशकात मी कॉलेजसाठी सुरतच्या नवागाम भागात त्यांच्या दोन खोल्यांत राहत होतो. पाहुण्याची पिशवी दारात टेकली की मावसा कापडाच्या लूमवरच्या कामाला खाडा करत. मावशी म्हणायची, "आमच्याकडे आधी वाघ, मग भाकर." पार्कचा इतिहास ते असा सांगत, की जणू त्यांना विचारूनच जागा निवडली होती. "हा वड गुडघ्याएवढा होता, तेव्हापासूनची ओळख आहे," म्हणत ते बुंध्यावर थाप मारत. प्राण्यांपेक्षा तिथल्या सोयींवर त्यांचा जीव. पाहुण्याला प्रत्येक बाकावर बसून पाहावे लागे, तहान नसली तरी पाणपोईचे पाणी प्यावे लागे आणि मग ओघानेच स्वच्छतागृहही पाहावे लागे. गुजराती अक्षरे मावसांना येत. अर्थ मात्र ते मराठीतूनच लावत.

एकदा वडील मला शिक्षण सोडवून परत न्यायला आले. परक्या मुलखात पोरगं हरवून जाईल, ही त्यांची धास्ती. मावसांनी त्यांना थेट सिंहापुढे उभे केले आणि पाटी वाचली, "'पांजराने अडकशो नहीं.' बघा साडूभाऊ, लिहूनच दिलंय. इथं कुणी अडकत नाही!"

गुजरातीत अडकणे म्हणजे हात लावणे आणि पाटी 'पिंजऱ्याला हात लावू नका' म्हणत होती, हे त्यांच्या गावीही नव्हते. वडिलांनी निर्धास्तपणे जाळी धरली. रखवालदार ओरडत आला, "ओ काका, अडकता नहीं!"

"ऐका, तोही तेच म्हणतोय!" मावसा खुलले.

रखवालदार भडकला. मी मध्ये पडलो, "माफ करजो भाई, गामथी आव्या छे." तो हसला, "चालशे" म्हणाला आणि गेला.

वडील माझ्याकडे बघतच राहिले. "वर्दीवाल्याशी बोलतो हा? त्यांच्या भाषेत?"

"मग! कॉलेजात जातो तो," मावसा म्हणाले.

वडील सिंहाकडे वळले. मग म्हणाले, "राहू द्या त्याला इथंच."

त्यांना गाडीत बसवून परतताना मावसांनी हळूच विचारले, "काय लिहिलं होतं रे तिथं?" मी सांगितले. ते इतके हसले, की बसमधले लोक वळून पाहू लागले. पुढे पाहुणे आले की ते मलाच पुढे करत, "तू वाच, मोठ्यानं." आणि मागून सांगत, "साडूंचा मुलगा आहे." मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, त्या वर्षी मात्र ते नुसतेच म्हणाले, "आमचा मुलगा."

मावसा आता नाहीत. गुजराती पाटी दिसली की मी अजून ती मोठ्यानेच वाचतो.