मागच्या रांगेतला आवाज

माझ्या कॉलेजने उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडून ओजेटी करून घ्यायचं ठरवलं होतं. ओजेटी म्हणजे कुठेतरी जाऊन फुकट काम करायचं आणि ते फुकट केलं असं सर्टिफिकेट आणायचं. माझ्या वर्गातल्या धीट मुलींनी पवईतली काचेची ऑफिसं गाठली. मी अंबरनाथहून शेअर रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये गेले, एका साड्यांच्या गाळ्यात, कारण तिथे कुणाशी बोलावं लागणार नाही असं मला सांगितलं गेलं होतं.

हे निम्मं खरं निघालं. दुकान दिसायला दुकान नव्हतंच. गिऱ्हाईक यायचं ते फोनमध्ये. रोज दुपारी मालकीणबाई कॅमेरा लावायच्या, एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहून एकेक साडी उघडायची आणि न थांबता बोलायची. "हाय ब्यूटिफुल लेडीज, ये देखो, राणी कलर, सिंगल पीस है, पटापट स्क्रीनशॉट भेजो." या प्रकाराला लाइव्ह म्हणतात. माझं काम लाइव्हच्या मागे होतं. आलेले स्क्रीनशॉट बघायचे, पत्ते उतरवायचे, आणि ज्यांना निळी मागवून हिरवी मिळाली त्यांच्या शिव्या वाचायच्या. बायका फार सर्जनशील शिव्या देतात. त्यातल्या काही मला गुगल कराव्या लागल्या.

मालकीणबाई सिंधी होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या, पण सगळे त्यांना दीदी म्हणत. पॅकिंगला कॅम्प एकमधून एक ताई यायच्या. त्या चिकटपट्टी दाताने तोडायच्या आणि माझ्या जेवणाच्या डब्यावर रोज मत द्यायच्या. या दोघी दिवसभर बोलायच्या. मी दिवसभर मान हलवायचे. माझं शिक्षण इंग्लिश मीडियमचं. मराठी मला येतं, पण ते वापरायची वेळ यायची फक्त घरी, आणि तीही भांडताना. हिंदी सिनेमापुरतं. इंग्लिश भरपूर, पण कॅम्प चारमध्ये ते कुणाला विकणार?

मग लाइव्हवाल्या मुलीचं लग्न ठरलं. ती एका सोमवारी पेढे घेऊन आली आणि पुढच्या सोमवारपासून येणार नाही म्हणाली. दीदींनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"अब तू करेगी."

मी मान हलवली, पण या वेळी आडवी.

"अरे शकल अच्छी है, रंग अच्छा है, मुँह में क्या दही जमा है? सर्टिफिकेट चाहिए ना?"

"दही नाय हो दीदी," ताई म्हणाल्या. "फ्रीजरमधला बर्फ आहे. सुटायला वेळ लागेल."

सर्टिफिकेट नाही तर कॉलेजचे क्रेडिट नाहीत, आणि क्रेडिट नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच. माझ्याकडे एक आठवडा होता आणि अनोळखी लोकांसमोर माझ्या घशातून उंदराएवढाही आवाज निघत नव्हता. शाळेत एकदा मला स्टेजवर तीन ओळींचं स्वागत करायचं होतं. मी माइकसमोर उभी राहून नुसती हसले आणि परत आले. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं मूकनाट्य आहे.

मी शांत व्हायचं ठरवलं. फोनवर ध्यानाचं ॲप घेतलं. त्यात एक गोरा माणूस अगदी हळू आवाजात सांगायचा की तुम्ही समुद्रकिनारी आहात. मी साड्यांच्या गाठोड्यावर बसलेली असायचे, समोर गटार, वर पत्रा, आणि शेजारच्या गाळ्यात जीन्सला बटणं ठोकायचं मशीन. तो म्हणायचा, श्वासाकडे लक्ष द्या. मी दिलं. श्वासाला नव्या पॉलिस्टरचा वास येत होता. वडिलांनी मला अनुलोम-विलोमचा व्हिडिओ पाठवला. आईने लिंबू उतरवलं. धीर काही आला नाही, घरात लिंबांचा खर्च तेवढा वाढला.

त्याच आठवड्यात बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला, आईच्या गावी एक लग्न होतं. आम्ही आगरी. आमच्यात लग्न म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे डीजे. मी लग्नांना जाते ती कोपऱ्यातली खुर्ची पकडायला. पण मांडवाच्या दिवशी दुपारी डीजेवाल्यांचे स्पीकर अजून टेम्पोतून उतरत होते आणि खुर्च्या आल्याच नव्हत्या. चटईवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध धवलारीण.

धवलारीण म्हणजे आमच्या लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी बाई. ही आईच्या नात्यातली, त्या हिशोबाने माझी आजी, पण आजी म्हटलेलं तिला चालत नसे. मावशीच म्हणायचं. केस काळेभोर रंगवलेले, नाकात मोठी नथ, हातात मोठा फोन. दोन विधींच्या मध्ये ती रील बघायची, तेही आवाजासकट.

"कोनाची गो तू पोर?" तिने मला विचारलं. आईचं नाव सांगितल्यावर म्हणाली, "ती इंग्लिशवाली? बस इथं. एक बाई कमी हाय."

"मला येत नाही," मी म्हटलं.

"कुनालाच येत नाय. मी बोलतंय, तू मागनं बोल. तोंड उघर, बस झालं."

आणि तिने गायला सुरुवात केली. गायला म्हणजे, आपण ज्याला गाणं म्हणतो तसं त्यात काहीच नव्हतं. ताल नाही, वाद्य नाही. एकच चाल, वर जाते, थोडी रेंगाळते, खाली येते, आणि शेवटचं अक्षर असं लांबवायचं की मध्ये चहा पिऊन यावं. ती एक ओळ म्हणायची, मागच्या बायका तीच ओळ पुन्हा म्हणायच्या. मांडवाच्या खांबाचं, हळदीचं, देवांना आवतण देण्याचं, नवऱ्याच्या मामा-मावशांच्या नावांचं. निम्मे शब्द मला कळत नव्हते. मी मागच्या रांगेत होते, दोन जाड काकवांच्या मध्ये दाबलेली, आणि माझा आवाज त्यांच्या आवाजात कुठे शिरतो नि कुठे संपतो ते माझं मलाही कळत नव्हतं.

मला ते फारच आवडलं. आपण आवाज काढतोय आणि कुणी ऐकत नाहीये, अशी सोय मी आयुष्यभर शोधत होते. चूक झाली तरी ओळ पुढे जाते. आठवत नसलं तर पुढची बाई आहेच. ओळ संपली की मावशी पुढची सुरू करते, तेवढ्यात आपण श्वास घ्यायचा. गोऱ्या माणसाने दोन-तीन दिवस ज्या श्वासाची विनवणी केली होती तो इथे विनासायास येत होता. मध्येच डीजेवाला "हॅलो, चेक, चेक" करायचा. मावशी न थांबता, ओळीतला स्वर तसाच धरून, त्याच्याकडे असं बघायची की तो माइक खाली ठेवायचा.

मी दोन तासांचं सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. नंतरचे दिवस कामावर कानात तेच. आतापर्यंत माझ्या कानात इंग्लिश आणि कोरियन गाणी असायची. आता पत्ते उतरवताना धवला. "हिरवी पाठवली, निळी मागितली होती, तुमच्या घरी आंधळे आहेत का," वाचतानाही धवला. ताईंनी एकदा एक इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"लग्नाचं आहे."

"मग एवढं रडतात कशाला?" म्हणाल्या, पण इअरफोन परत द्यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

सोमवार आला. दीदींनी माझ्या ओठांना स्वतःची लिपस्टिक लावली. कॅमेऱ्याशेजारी ताई साड्या द्यायला उभ्या. स्क्रीनवर बघणाऱ्यांचा आकडा वाढायला लागला. माझ्या हातात पहिली साडी. दीदी कॅमेऱ्यामागून हात गोल फिरवत होत्या, म्हणजे बोल. हाय ब्यूटिफुल लेडीज मला तोंडपाठ होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं,

"ही साडीऽऽ, कॉटनचीऽऽ."

चालीवर. वर गेलं, रेंगाळलं, खाली आलं. तीन-चार दिवस कानात तेच ओतलेलं, घसा उघडल्यावर दुसरं काय पडणार? मी हादरून ताईंकडे बघितलं. आणि ताई, ज्या त्या दिवसानंतर रोज माझा एक इअरफोन मागून तेच ऐकत होत्या, घाबरून मागून म्हणाल्या, "ही साडीऽऽ, कॉटनचीऽऽ."

आता थांबायची सोय नव्हती. "पदर हिचाऽऽ, राणी कलरऽऽ." मागून ताई. "ब्लाउज पीसऽऽ, आतमध्येऽऽ." मागून ताई. दीदींचा हात हवेतच थांबला. कॉमेंट यायला लागल्या. दीदी तबियत ठीक है? नेटवर्क स्लो है क्या? एकीने विचारलं, कोणी वारलं का? पण बघणाऱ्यांचा आकडा खाली येत नव्हता. लोक अपघात बघायलाही थांबतात, मला माहीत आहे. मी ताईंच्या ओळीत श्वास घेत होते आणि पुढची साडी उघडत होते.

तेवढ्यात एक कॉमेंट आली, बोलून टाइप केलेली असावी, कारण तिच्यात एकही विराम नव्हता. *अगो हा तर आमचा धवला हाय कोन बोलतंय ती इंग्लिशवाली काय.* लग्नात भेटलेल्या सगळ्यांना आईने सकाळीच या लाइव्हची लिंक पाठवली होती. मावशी आली होती.

पाठोपाठ दुसरी. *पिवली सारी दाखव.* मी दाखवली, चालीवरच. मग तिसरी. *माझी चाल घेतलीस तर ही सारी मना फुकट पायजे.* खाली लगेच तीन-चार बायका हसल्या, आणि मावशीला जोर चढला. *फुकट बोल सगल्यांसमोर बोल.*

दीदींनी कॅमेऱ्यामागून ओठ हलवले, कौन है ये? सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मावशीचं म्हणणं चालीवर नाकारता येईना. त्या चालीत फक्त आवतण देता येतं. ताई हातातल्या साडीची घडी नीट करायला लागल्या. मागून कुणी म्हणणार नव्हतं. मी साडीची घडी छातीशी धरली आणि घरी भावाशी भांडताना काढते तो आवाज काढला.

"मावशी, चाल तुझी, साडी दीदींची. फुकट मिळणार नाही. तू लग्नात नवऱ्याकडच्यांकडून धवल्याची साडी-चोळी घेतेस तेव्हा कमी करतेस का? घ्यायची असेल तर स्क्रीनशॉट काढ, नाहीतर रील बघ."

आमच्याकडे धवलारणीला कुणी असं बोलत नाही. आईने बघितलं असणार, संध्याकाळी घरी काय होईल ते दिसत होतं. मग स्क्रीनवर आलं, *बरं बरं वरडू नको हिरवा काठ हाय का.*

"आहे," मी म्हटलं. "थांब, उघडते."

दीदींनी कॅमेऱ्यामागून पुढचं गाठोडं पायाने माझ्याकडे ढकललं. त्यांना हात हलवायची गरज उरली नव्हती. एक बाई विचारत होती, निळ्याची किंमत काय. दुसरी म्हणत होती, जरा भराभर बोल ना गं, मला पोळ्या करायच्यात.

"तुम्ही पोळ्या करा," मी म्हटलं, "मी निळी बाजूला ठेवते. पण ती निळीच आहे, हे आत्ताच नीट बघून घ्या."